काचेत पाणी दिसतंय, पण ते बॉयलरचं आहे का?

प्रॉडक्ट टँकरवर (तेल वाहणाऱ्या जहाजावर) ज्युनियर इंजिनिअर असलेल्या आणि क्लास फोरची (जहाजावरच्या इंजिनिअरच्या सरकारी परीक्षेची) तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलंय: "सर, ऑक्झिलरी बॉयलरचा गेज ग्लास ब्लो केल्यावर शेवटी आधी वॉटर कॉक उघडायचा की स्टीम कॉक? आमचे थर्ड म्हणतात, कसाही उघड, लेव्हल तीच येणार. आणि ग्लासमध्ये पाणीच दिसत नसेल तर लगेच फीड द्यायचं का? एका ठिकाणी वाचलं द्या, दुसरीकडे वाचलं अजिबात देऊ नका."

नव्या वाचकांसाठी: गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच, ती ब्लो करणं म्हणजे कॉक उघडून आतल्या दाबाने तिच्या वाटा मोकळ्या आहेत का ते तपासणं, फीड म्हणजे बॉयलरमध्ये पंपाने पाणी भरणं, आणि थर्ड म्हणजे थर्ड इंजिनिअर. तुझे हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. कॉक कोणत्या क्रमाने उघडायचे हे नीट कळलं, की फीड द्यायचं की नाही याचं उत्तर त्यातूनच मिळतं. लेव्हल मध्यावर असेल तेव्हा थर्ड म्हणतात ते बरोबर आहे, कसाही उघड, पाणी तिथेच येईल. पण ग्लास ब्लो करायला आपण शिकतो ते लेव्हल मध्यावर नसते त्या दिवसासाठी, आणि त्या दिवशी क्रम चुकला तर जी माहिती हवी असते तीच हातातून जाते.

गेज ग्लास म्हणजे बॉयलरला बाहेरून जोडलेली उभी काच. वरचं टोक वाफेच्या जागेत उघडतं, खालचं पाण्यात. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर काचेत आणि आत सारखाच दाब राहतो आणि पाणी सारख्या उंचीला येतं. एक जरी वाट बंद झाली, तरी काचेत पाणी दिसतच राहतं. फक्त ते बॉयलरमधलं पाणी राहत नाही.

वरची वाट तुंबली असं समज. काचेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, वरून नवी वाफ येत नाही, वरचा दाब उतरतो आणि बॉयलरचा दाब खालून पाणी वर ढकलतो. लेव्हल चढलेली दिसते. आता खालची वाट तुंबली असं समज. वरून वाफ येत राहते, काचेत तिचं पाणी होत राहतं आणि खाली जायला जागा नसल्यामुळे ते साचत जातं. लेव्हल पुन्हा चढलेलीच दिसते. म्हणजे कोणतीही वाट बंद झाली तरी काच जास्तच पाणी दाखवते. बॉयलर रिकामा होत असताना काच भरलेली दिसू शकते, म्हणूनच नुसतं बघून भागत नाही, ब्लो करून खात्री करावी लागते.

आता कॉकच्या दांड्यांबद्दल, कारण नवीन मुलं हमखास इथे चुकतात. घरातल्या पाइपवर दांडी पाइपच्या रेषेत असली की कॉक उघडा. बोटीवरच्या गेज ग्लासला तीन कॉक असतात: स्टीम, वॉटर आणि ड्रेन. जुन्या पद्धतीच्या कॉकवर काम चालू असताना तिन्ही दांड्या सरळ खाली लोंबत असतात. त्या स्थितीत स्टीम आणि वॉटर उघडे, ड्रेन बंद. कारण साधं आहे. इंजिनच्या थरथरीने दांडी ढिली झाली तरी ती वजनाने खालीच येणार, म्हणजे ग्लास चालूच राहणार. हल्ली बऱ्याच बॉयलरवर चाकाचे व्हॉल्व्ह असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. जहाजावर चढलास की पहिल्या दिवशी आपल्या बॉयलरवर काय आहे ते हात लावून बघून घे. रात्री अलार्म वाजल्यावर ते शोधत बसायला वेळ नसतो.

ब्लो करायच्या आधी चेहऱ्यावर शील्ड, हातात मोजे, आणि उभं राहायचं ते काचेच्या बाजूला, समोर नाही. ७ बारच्या बॉयलरमधलं पाणी १७० अंशांचं असतं. ते बाहेर पडलं की किलोमागे साधारण १३० ग्रॅमची तिथल्या तिथे वाफ होते, आणि एवढ्या वाफेला मोकळ्या हवेत दोनशे लिटरच्या वर जागा लागते. फुटलेल्या काचेतून नेमकं काय बाहेर येतं, याचा यावरून अंदाज येईल. ड्रेनचा पाइप कुठे उतरतो आणि तिथे खाली कोणी काम करत नाही ना, तेही बघून घे.

सुरुवातीला स्टीम आणि वॉटर दोन्ही बंद कर आणि ड्रेन उघड. काच रिकामी होऊन शांत झाली पाहिजे. ड्रेनमधून फुसफुस चालूच राहिली तर स्टीम आणि वॉटरपैकी एक कॉक पास होतोय, म्हणजे बंद असूनही गळतोय. तो आधी दुरुस्त करायचा, कारण पास होणाऱ्या कॉकवर पुढची एकही चाचणी विश्वासाची नाही. मग वॉटर कॉक उघड, जोराचा ब्लो आला पाहिजे, आणि बंद कर. मग स्टीम कॉक उघड, जोराचा ब्लो, आणि बंद. दोन्हींचा आवाज वेगळा असतो. पाण्याचा ब्लो जड आणि घोगरा, वाफेचा कोरडा आणि तीक्ष्ण. आठ-दहा वेळा केलंस की कानाला फरक कळायला लागतो. फार वेळ ब्लो करत राहू नकोस, काचेला आणि पॅकिंगला (गळती रोखणाऱ्या भरणाला) ते सोसत नाही.

एक खाचखळगा इथेच सांगतो. नळीच्या काचेच्या खालच्या बाजूला बऱ्याचदा एक छोटा गोळा असतो. काच फुटली तर पाण्याच्या जोराने तो वर जाऊन वाट बंद करतो, म्हणजे माणूस भाजण्यापासून वाचतो. पण ड्रेन उघडा असताना तू वॉटर कॉक झटक्यात उघडलास, तर गोळ्याला वाटतं काच फुटली, आणि तो जाऊन बसतो. ब्लो येत नाही, आणि तू समजतोस वाट तुंबली. कॉक बंद कर, गोळा खाली पडू दे, आणि या वेळी हळू उघड. मग जोर आला तर वाट मोकळीच होती.

इथपर्यंत दोन्ही वाटा मोकळ्या आहेत हे कळलं. आता पाणी कुठे आहे ते विचारायचं. ड्रेन बंद कर. स्टीम बंदच ठेव. आणि फक्त वॉटर कॉक हळू उघड.

या क्षणी काचेत वर जवळजवळ काहीच दाब नाही आणि खाली बॉयलरचा पूर्ण दाब आहे. खालच्या तोंडावर पाणी असेल, तर ते काचेच्या अगदी वरपर्यंत सरळ चढतं. थोडी अडकलेली हवा वर दाबून राहते, त्यामुळे शेवटचा टोकाचा भाग भरला नाही तर घाबरू नकोस. बॉयलरमधली लेव्हल काचेत दिसणाऱ्या भागाच्या खाली गेली असली, पण वॉटर कनेक्शनच्या तोंडावर थोडं जरी पाणी असलं, तरी ते चढतं. आणि पाणी त्या तोंडाच्याही खाली गेलेलं असेल, तर चढत नाही. फक्त वाफ येते, काच धुरकट होते, आतून थेंब ओघळतात, तळाशी इंच-दोन इंच पाणी हळूहळू जमतं. हे जमलेलं पाणी म्हणजे लेव्हल नव्हे. खरं पाणी एका दमात वर येतं, वाफेचं पाणी रेंगाळत साचतं. हा फरक एकदा डोळ्यांनी बघून ठेव.

त्यानंतर स्टीम कॉक उघडायचा. वरून दाब आला की चढलेलं पाणी खाली उतरतं आणि खऱ्या लेव्हलला थांबतं. थांबलं, तर प्रश्न मिटला. उतरलंच नाही आणि काच भरलेलीच राहिली, तर पाणी स्टीम कनेक्शनच्या वर गेलंय. स्टीमची वाट मोकळी आहे हे तू आत्ताच ब्लो करून बघितलंय, त्यामुळे तो संशय उरत नाही. अशा वेळी फीड बंद, टर्बाइनला जाणारी वाफ बंद, आणि ब्लोडाउनने, म्हणजे बॉयलरमधलं थोडं पाणी बाहेर सोडून, लेव्हल खाली आणायची. टँकरवर हे फार जपायचं, कारण वाफेबरोबर पाणी कार्गो पंपाच्या (माल उपसणाऱ्या पंपाच्या) टर्बाइनमध्ये गेलं तर ब्लेड जातात आणि पाइपांत हातोडा मारल्यासारखे दणके बसतात.

आणि वॉटर कॉक उघडल्यावर पाणी वरपर्यंत चढलं, पण स्टीम उघडताच काचेतून पूर्ण खाली निघून गेलं, तर? तर पाणी काचेत दिसणाऱ्या भागाच्या खाली आहे, पण वॉटर कनेक्शनच्या वर आहे. बहुतेक बॉयलरमध्ये तापणाऱ्या नळ्यांचा आणि प्लेटचा सगळ्यात वरचा भाग या तोंडाच्या खालीच ठेवलेला असतो, म्हणजे ते अजून पाण्यात आहेत. आपल्या बॉयलरचं ड्रॉइंग उघडून ही उंची स्वतः बघून घे. या एकाच स्थितीत फीड देणं सुरक्षित आहे. पहिल्या ठिकाणी "द्या" असं वाचलंस ते याबद्दल.

पाणी मुळात चढलंच नाही, तर फीडला हात लावायचा नाही. पाणी किती खाली गेलंय हे आता कोणालाच माहीत नाही. कदाचित दोन इंच, कदाचित नळ्या पूर्ण उघड्या पडून लाल झाल्या असतील. साधं पोलाद ५५० अंशांच्या आसपास आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं, आणि दाब तर त्याच्यावर आहेच. त्यात गार पाणी पडलं की वाफ एकदम उसळते, प्लेट झटक्यात आकसते, नळ्यांचे सांधे सुटतात, तडे जातात. आग बंद करायची, बॉयलर बाकीच्या पाइपांपासून वेगळा करायचा, त्याला आपसूक निवू द्यायचं, आणि आत उतरून नळ्या बघितल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही. तुझ्या दुसऱ्या ठिकाणी "देऊ नका" होतं ते याबद्दल.

आता क्रम उलटा करून बघ. आधी स्टीम उघडलास, मग वॉटर. काच रिकामी राहिली. यावरून पाणी काचेच्या जरासं खाली आहे की कनेक्शनच्याही खाली गेलंय, हे तुला कळणार नाही. फीड द्यायचं की पळत जाऊन आग बंद करायची, हा फरक ज्या एका गोष्टीने कळतो ती तू घालवलीस. एमएमडीच्या (सरकारच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या) ओरलमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो तो याच कारणाने. तिथे नुसता क्रम सांगू नकोस, क्रमामागचं हे कारण सांग.

आग बंद करण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. बर्नर थांबवला की उष्णता थांबली, असं कंपोझिट बॉयलरवर होत नाही. समुद्रात चालताना त्याच बॉयलरच्या नळ्यांतून मेन इंजिनचा एक्झॉस्ट जात असतो. पाणी गेलंय आणि इंजिन फुल अहेड चाललंय, तर तुझा बर्नर बंद असला तरी नळ्या तापतच राहणार, आणि त्यांच्यावर काजळी असेल तर ती पेटूही शकते. चीफ इंजिनिअरना उठवायचं, ब्रिजला फोन करायचा आणि इंजिन कमी करायला सांगायचं. हे सांगायला मुलं कचरतात. एक्झॉस्टचं कोरडं बॉयलर जळलं तर जहाज पुढचे कितीतरी दिवस बंदरात पडून राहतं, त्यापुढे अर्धा तास इंजिन कमी करणं काहीच नाही.

मी फोर्थ इंजिनिअर असतानाची एक गोष्ट सांगतो, कारण यातलं बरंचसं मी त्या रात्री शिकलो. आमच्या बॉयलरला डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक ग्लास होता. डाव्या ग्लासच्या कॉकचं पॅकिंग नुकतंच बदललं होतं, काच नवी, लख्ख. उजवीकडची जुनी, आतून पांढुरकी. वॉचला (माझ्या पाळीला) आलो तर डावीकडे पाणी अगदी मध्यावर, उजवीकडे बरंच खाली. सगळ्यांचा विश्वास नव्या काचेवर. मीही लॉगमध्ये "हाफ ग्लास" लिहिलं. तासाभराने पुन्हा तिथून गेलो तेव्हा जहाज बऱ्यापैकी रोल करत होतं, म्हणजे डावी-उजवीकडे डुलत होतं. उजव्या काचेतलं पाणी प्रत्येक रोलबरोबर वरखाली होत होतं. डावीकडचं जागचं हललं नव्हतं. काचेवर बोट टेकवून उभा राहिलो, रोल आला आणि गेला, पाण्याची रेघ बोटाच्या नखापाशी तशीच. थर्डना बोलावलं. त्यांनी डावा ग्लास ब्लो केला, तर वॉटर कॉकमधून जोराऐवजी नुसती बारीक धार. पॅकिंगच्या स्लीव्हचं भोक कॉकच्या वाटेसमोर नीट बसवलेलं नव्हतं, फिरून अर्धीअधिक वाट झाकली गेली होती. खरी लेव्हल लो अलार्मच्या जरा वर होती, उजवी काच पहिल्यापासून बरोबर सांगत होती.

तेव्हापासून मी काचेत आधी पाणी हलतंय का ते बघतो, आणि मग किती आहे ते. चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी थोडंसं थरथरतं, रोलबरोबर सरकतं, फीड पंप चालू झाला की प्रतिसाद देतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी दोन-तीन म्हातारे होते ज्यांनी कोळशाच्या बोटींवर आगवाल्याचं काम केलेलं होतं. त्यांच्या बोलण्यात बॉयलरचं पाणी "उभं राहिलं" ही वाईट बातमी असायची. लहानपणी मला ते कळत नसे.

नवी काच किंवा पॅकिंग बसवलं की त्याच वॉचमध्ये पूर्ण ब्लो करून बघायचं, हे पक्कं ठेव. नळीची काच आखूड कापली तर पॅकिंग आवळताना ते दबून तोंडावर येतं आणि वाट बंद करतं. नव्या काचेला एकदम पूर्ण दाब द्यायचा नाही. ड्रेन उघडा ठेवून स्टीम कॉक किंचित उघडून ती हळूहळू तापू द्यायची. जास्त दाबाच्या बॉयलरवर सपाट काचा असतात आणि आत अभ्रकाचं पान असतं. ते पान पाण्याच्या बाजूलाच हवं, कारण अल्कलीयुक्त गरम पाणी काच खात जातं. अभ्रक फाटलं की काच आतून पांढरी पडते, मग लेव्हल वाचता येत नाही, आणि काच कमजोरही होते.

ग्लास बॉयलरच्या कवचावर थेट न बसवता उभ्या पोकळ कॉलमवर बसवलेला असेल, तर वर सांगितलेला ब्लो अपुरा आहे. कॉलमचं खालचं, बॉयलरकडचं तोंड तुंबलेलं असलं तरी वॉटर कॉक उघडल्यावर कॉलममधून वरची वाफ खाली येऊन जोराने बाहेर पडते, आणि तू समजतोस सगळं मोकळं आहे. म्हणून कॉलमचा बॉयलरकडचा वरचा व्हॉल्व्ह बंद करून वॉटर साइड ब्लो करायची, मग तो उघडून आणि खालचा बंद करून स्टीम साइड. शेवटी दोन्ही उघडे आहेत ना, हे दोनदा बघायचं. एखादा विसरलास तर काचेत तीच खोटी लेव्हल तयार होते जिच्यापासून आपण सुरुवात केली.

रिकामी काच आणि काठोकाठ भरलेली काच लांबून सारखीच दिसते, हेही लक्षात असू दे. नळीच्या काचेमागे कधीकधी तिरक्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. पाणी असेल त्या भागात नळी भिंगासारखी वागते आणि पट्ट्या उलट्या तिरक्या दिसतात. रिफ्लेक्स काचेत पाणी काळं आणि वाफ चंदेरी दिसते. दोन रंगांच्या गेजमध्ये पाणी हिरवं, वाफ लाल.

अलार्म, लो-लो ट्रिप (पाणी फार खाली गेलं की बर्नर आपोआप बंद करणारी), कंट्रोल रूममधला आकडा हे सगळं असूनही सोलासप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे) अशा बॉयलरला लेव्हल बघायची किमान दोन साधनं लागतात, आणि त्यातलं किमान एक थेट वाचता येणारी काच असावी लागते. कंट्रोल रूममधला आकडा बऱ्याचदा दाबाच्या फरकावरून काढलेला असतो, आणि तुलनेसाठी कायम भरलेला ठेवायचा त्याचा पाण्याचा पाइप अर्धा रिकामा झाला तर तोही लेव्हल जास्त दाखवतो. त्यामुळे वॉच घेताना दोन्ही काचा आणि कंट्रोल रूमचा आकडा एकमेकांशी ताडून बघ. थोडा फरक राहणारच. काचेतलं पाणी बॉयलरमधल्या पाण्यापेक्षा गार आणि म्हणून जड असतं. १७० अंशांचं २०० मिलिमीटर पाणी १०० अंशांच्या काचेत साधारण १८७ मिलिमीटरच दिसेल. हा फरक कमी दाखवण्याच्या बाजूला आहे, त्याची भीती नाही. ड्रेन कॉक गळत असेल तरी लेव्हल कमी दिसते. पण वरच्या टोकाचं पॅकिंग वाफ गळू देत असेल, तर लेव्हल जास्त दिसते, आणि ते पॅकिंग "थोडंसंच गळतंय" म्हणून सोडू नकोस.

कार्गो पंप चालू करताना वाफेची मागणी एकदम वाढते, दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि लेव्हल चढलेली दिसते. ती बघून फीड बंद करू नकोस. मागणी वाढलीय म्हणजे पाणी कमी होतंय. दोन-तीन मिनिटं काचेपाशी उभा राहा, बुडबुडे बसू देत, मग वाच. आणि ब्लो केल्यावर दोन्ही काचांची लेव्हल, वेळ, आणि कोणत्या कॉकचा ब्लो कमी वाटला ते लॉगमध्ये लिही. "गेज ग्लास ब्लोन, ओके" एवढंच लिहिलं, तर पुढच्या वॉचवाल्याला कोणती काच जुनी आणि कोणती नव्या पॅकिंगची, हे कुठून कळणार?